मामा कळ चढवायला विसरले

मी एक जुना ड्रम आहे, आणि स्वभावाने जरा भित्रा आहे. मित्रांनो, लाकूड वाफेवर वाकवून मला गोल केले आणि पोटाखाली बारीक तारा बसवल्या. बाजूची कळ चढवली की त्या तारा पोटाला चिकटतात आणि मी कडकडीत बोलतो. कळ उतरवली की नुसते ढब ढब.

मला वाजवणाऱ्या मामांबरोबर मी वाद्यवृंदात उमेदीची वर्षे काढली. लोक टाळ्या वाजवत, मामा मला फडक्याने पुसत. मग त्यांचा खांदा आखडला आणि मी पलंगाखाली गेलो.

एके दिवशी त्यांची भाची आली. ती संगणकावर संगीत करते. "मामा, खांदा आता बरा आहे ना? आपण मिळून कार्यक्रम करू," म्हणाली. मी हरखलो, पण तिने मायक्रोफोन लावून माझा एकेक ठोका टिपून घेतला. माझा सगळा आवाज तिच्या यंत्राच्या एका बटणात गेला; ते दाबले की माझ्याशिवायच माझा ठोका. आता मला पलंगाखालून कोण काढणार?

तशात तिने खर्जाचे सूर लावले की माझ्या तारा आपोआप खरखरायच्या.

"मामा, हा मध्येमध्ये बोलतो रे!"

"थांब, तोंड बंद करतो त्याचं," म्हणत मामांनी कळ उतरवली. तिचा खर्ज संपत आला की कळ चढवायची, मगच पहिला ठोका, असे ठरले.

कार्यक्रमात मामा तिच्या सुरांत असे रंगले की डोळे मिटून डोलू लागले. ठोका जवळ आला, काठ्या वर गेल्या, आणि कळ खालीच! मला ओरडता येईना. भाचीने ते पाहिले. तिचे बोट त्या बटणाकडे सरकले. संपलो, मी म्हटले.

पण बोट मागे फिरले. तिने तोच खर्ज पुन्हा एकदा फिरवला. मामांनी दचकून डोळे उघडले. तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. मामांनी जीभ चावली, कळ चढवली. पुढचा ठोका माझा होता.

नंतर मामा म्हणाले, "अगं, बटण होतं की तुझ्याकडे."

"होतं ना. पण मग तू काय केलं असतंस?"

मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. ते बटण अजून जागच्या जागी आहे. म्हणून एवढेच मागतो, कुणाचा आवाज तुमच्यापाशी साठवलेला असला, तरी त्या आवाजाचा धनी समोर बसला असेल तर त्याच्यासाठी एक आवर्तन थांबा.