दुसरा दाब

कार्डाच्या डाव्या कोपऱ्याचं प्लास्टिक सुटलं होतं आणि तिचा अंगठा मघापासून तेवढ्याच जागी फिरत होता — वर उचलायचं, दाबून बसवायचं, पुन्हा वर उचलायचं... दात पडला की जीभ जशी सारखी त्या खड्ड्याकडे जाते, तसं. व्हॅनमधल्या एखाद्या पोरानं असं केलं असतं तर ती ओरडली असती, सोड ते, फाटेल. पण स्वतःवर कोण ओरडणार? कार्डावर तिचा डोळे वटारलेला फोटो होता, फोटोखाली मोटारीचं छोटंसं चित्र होतं, त्याच्याशेजारी भाड्यानं प्रवासी नेण्याची परवानगी होती. त्यापुढचा चौकोन कोरा होता. तिथे बसचं चित्र यायला हवं होतं, आणि ते आज यायचं की नाही हे पुढच्या तासाभरात ठरणार होतं.

बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, सगळ्यांच्या हातात आपापलं कार्ड. समोरच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. सगळ्यात खाली स्कूटर, तिच्यावर मोटार, मग टेम्पो, ट्रक, बस, आणि अगदी वर मागे भलंमोठं धूड ओढणारा ट्रेलर. खालच्या वर्गाचं कार्ड घेऊन वरच्या वर्गाची गाडी चालवायची नाही, एवढं तर शाळकरी पोरालाही कळतं. पण वर्ग मिळाला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. वर्गावर शेरे असतात. माणसं न्यायची तर वेगळा शेरा, पेट घेणारं तेल न्यायचं तर वेगळा. हे झाले देणारे शेरे. मग काढून घेणारे... चष्म्याशिवाय चालवू नये. हातानं गिअर टाकायची गाडी चालवू नये. आणि ट्रेलरच्याही वर, तक्त्याच्या माथ्यावरची ओळ — हवेचे ब्रेक असलेली गाडी चालवू नये. ती ओळ तिला वाचायची नव्हती, म्हणून ती तक्ता खालून वर वाचायची आणि तिथे पोचायच्या आत पुन्हा स्कूटरवर उतरायची.

शाळेनं छोट्या व्हॅन बंद करायचं ठरवलं होतं. पुढच्या सत्रापासून एकच मोठी बस, नवीकोरी, हवेच्या ब्रेकची. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, “पोरांना तुमची सवय आहे, व्हॅनमावशी. बस तुम्हीच चालवा. पण कार्ड आणा. कार्ड नसेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” गोड बोलल्या होत्या, पण बोलायचं ते बोलल्या होत्या. दुसरा माणूस! म्हणजे त्या खिडकीपाशी बसणाऱ्या बडबड्या पोरीला उलटी होते म्हणून तिला पुढेच बसवायचं, हे त्या दुसऱ्या माणसाला कोण सांगणार होतं? आणि मी काय करायचं? घरी बसून बाबांसारखं खिडकीतून रस्ता बघायचा?

गाडी शिकवणारे मास्तर बाकाच्या टोकाला येऊन वाकले. “जेवलात का काही?”

“घास उतरत नाही, मास्तर.”

“मी अजून सांगतो, आमची जुनी बस आहे बाहेर. तेलाचे ब्रेक. तिच्यात परीक्षा द्या, हसत पास व्हाल. कार्डावर बसचं चित्र येईल. शेरा पडेल तेवढा.”

“आणि शाळेची बस हवेच्या ब्रेकची. म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत.”

“मग एकच लक्षात ठेवा.” त्यांनी एक बोट वर केलं. “एकदा दाबायचा. दाबून धरायचा. पंप करायचा नाही. मागच्या वेळी बसची हवा संपली आणि तुमची टाइट झाली.” स्वतःच्या विनोदावर ते हसले, तीही हसली, कारण न हसली असती तर रडली असती.

मागच्या वेळी... मैदानामागच्या उतारावर परीक्षक बाई म्हणाल्या होत्या, थांबवा. तिनं ब्रेक दाबला, सोडला, दाबला. पुढे पुन्हा थांबवा, पुन्हा दाबला, सोडला, दाबला. तेलाच्या ब्रेकमध्ये असं केलं तर काही बिघडत नाही. हवेच्या ब्रेकमध्ये मात्र दर वेळी टाकीतली थोडी हवा भस्सकन बाहेर जाते आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. हवेच्या दाबाचा काटा खाली येतोय हे तिला दिसत होतं, आणि काटा खाली येतोय म्हणून ती घाबरत होती, आणि घाबरली म्हणून पाय आणखी भराभर दाबत होता. बेल कर्कश वाजायला लागली. मग हवा संपली की आपोआप लागणाऱ्या ब्रेकची पिवळी खुंटी टक्कन बाहेर आली, चाकं आवळली गेली आणि बस उतारावर अडून बसली, हट्टी म्हशीसारखी. परीक्षक बाई रागावल्या नाहीत. कोणी शिकवलं तुम्हाला असं, एवढंच त्यांनी विचारलं.

कोणी शिकवलं हे पायाला माहीत होतं.

तेव्हा ती लहान, आईच्या मांडीवर होती. ट्रकच्या केबिनमध्ये तापलेल्या तेलाचा वास, आईच्या बांगड्या तिच्या पोटाला रुतलेल्या, आणि पुढे नुसता उतार, वळणामागून वळण... बाबांचा पाय खाली गेला तो जातच राहिला, पार पत्र्याला टेकला. ब्रेक नव्हता. आई ओरडली नाही, तिनं फक्त हिला इतकं घट्ट धरलं की श्वास कोंडला. बाबांचा पाय वर आला, खाली गेला, वर, खाली — आणि कुठून तरी, तळातून, ब्रेक परत आला. ट्रक थांबला. समोर रस्ता नव्हता, नुसतं आभाळ होतं. बाबा खाली उतरून चाकाला टेकून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पुढे ती गाडी शिकायला लागली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट हीच शिकवली. पहिल्या दाबानं ब्रेकला विचारायचं — आहेस का? दुसऱ्या दाबानं सांगायचं — थांब. न विचारता कधी सांगू नये, पोरी, ना ब्रेकला, ना माणसाला.

तेव्हापासून ती विचारत आली. व्हॅन थांबताना दर वेळी एक छोटा हिसका बसायचा, मग दुसरा. पोरं म्हणायची, मावशी, तुमच्या व्हॅनला उचकी लागली, कोण आठवण काढतंय? आणि ती म्हणायची, माझे बाबा.

बाबांच्या कार्डावर एके काळी सगळी चित्रं होती, टँकरचा शेराही होता. मग डोळ्यांनी दगा दिला. बाजूचं दिसेना, समोरचं धूसर झालं. दर तपासणीला डॉक्टर एक वर्ग कापायचे — आधी टँकर, मग बस, मग ट्रक, शेवटी मोटार. जन्मभर वरच्या वर्गात बसलेल्या माणसाला कोणी एक-एक इयत्ता खाली ढकलत आणावं तसं. बाबा हसून म्हणायचे, आता बालवाडीत आलोय. हसायचे, पण कार्ड पाकिटातून काढायचे नाहीत. आता ते संध्याकाळी खिडकीत बसतात. गाडी कुठली, रंग कुठला, त्यांना दिसत नाही. दिवे मात्र दिसतात. तिची व्हॅन खिडकीखालून पुढे जाऊन भिंतीपाशी थांबते, मागचे दिवे लाल होतात, विझतात, पुन्हा लाल होतात — दोनदा. मग बाबा उठतात आणि चहाचं आधण ठेवतात. ती दार उघडते तेव्हा पाणी उकळत असतं.

मागच्या वेळी नापास झाली तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, बसच खराब होती. बाबा म्हणाले, असणारच. आणि आज सकाळी, ती चपला घालत असताना, दाराला धरून उभे राहून म्हणाले, “दोनदा दाब, पोरी.” आशीर्वाद द्यावा तसं. ती “हो बाबा” म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? तुमच्या दुसऱ्या दाबानं आपल्याला वाचवलं आणि तोच आता मला बुडवतोय, असं?

तिचं नाव पुकारलं गेलं. कार्डाचा कोपरा निघून तिच्या हातात आला.

बस सुरू केली. हवा भरेपर्यंत थांबायचं होतं. काटा हळूहळू वर चढत होता, बेल वाजत होती. परीक्षक बाई शेजारी बसल्या होत्या, गुडघ्यांवर पॅड. बेल थांबली. पिवळी खुंटी आत ढकलली, बस सैल झाली. आरसे, वळण, गिअर... सगळं येत होतं तिला, सगळं, या एका गोष्टीशिवाय. एकदा. दाबून धरायचा. एकदा, एकदा — हे ती मनात म्हणत होती की ओठांनी, ते तिलाही कळेना. मैदान संपलं, उतार लागला, आणि खालून एक सायकलवाला, हँडलला डबे अडकवलेले, वर-खाली न बघता सरळ आडवा आला.

पाय गेला. गेला, टेकला, आणि लगेच वर यायला निघाला... गुडघ्यापर्यंत ती ओढ आली, मांडी थरथरली. आहेस का, आहेस का, असा पाय विचारत होता, आणि उत्तर येईपर्यंत थांबायला त्याला शिकवलंच नव्हतं कोणी. तापलेल्या तेलाचा वास आला. आईच्या बांगड्या रुतल्या. सोडू नकोस, ती स्वतःला म्हणाली, सोडू नकोस, आणि सगळं वजन तिनं त्या एका पायावर टाकलं. बस थांबली. सायकलवाला डबे वाजवत निघून गेला, त्याला काही पत्ताही नव्हता. काटा जागच्या जागी होता.

“हं,” परीक्षक बाई म्हणाल्या. “चला पुढे.”

त्या ‘हं’मध्ये काय होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे तिनं एक वळण जास्त मोठं घेतलं, आणि मागे घेताना एक खांब आरशात उशिरा दिसला. उतरताना बाई म्हणाल्या, “निकाल उद्या सकाळी लागेल.” मास्तर धावत आले, “काय? पंप केला?” ती नाही म्हणाली. “मग झालं! पेढे—” “थांबा हो,” ती म्हणाली, “तो खांब...”

घरी परतताना व्हॅन आपली आपण चालत होती. पोरांना आज दुसऱ्या व्हॅनवाल्यानं नेलं होतं, मागची बाकं रिकामी खुळखुळत होती. तो खांब किती जवळ होता? बाईंनी पॅडवर काय लिहिलं? वळणाला एक खूण, खांबाला दोन... की त्या सायकलवाल्याचंच काही, दाबायला उशीर केला असं? नापास झाले तर मोठ्या बाईंना काय तोंड दाखवू? आणि पास झाले तर मागे ती सगळी पोरं, एवढी लांब बस, आणि पावलाखाली फक्त हवा... वाटेत किती चौक गेले, कुठे ब्रेक दाबला, कसा दाबला, तिला काही आठवत नव्हतं. दिवे लागायची वेळ झाली होती.

ती गल्लीत वळली. खिडकीत बाबांची आकृती होती, रोजच्यासारखी. आज काय विचारतील? दोनदा दाबलास ना? व्हॅन खिडकीखालून पुढे गेली, भिंतीपाशी आली, थांबली. तिनं सुस्कारा सोडला आणि पिशवीकडे हात नेला.

आणि हात तिथेच राहिला. हिसका बसला नव्हता. म्हणजे बसला होता, एकच, मऊ, लांब. पाय अजून ब्रेकवरच होता, शांत, न थरथरता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आज उतारावर तिनं जिवाच्या करारावर जे केलं होतं, ते आता तिच्या नकळत झालं होतं. आनंद व्हायला हवा होता. वाटलं मात्र गर्दीत हात धरलेलं माणूस सुटल्यासारखं.

तिनं आरशात बघितलं. बाबा उठले नव्हते. मान खिडकीबाहेर काढून ते गल्लीच्या तोंडाकडे बघत होते, तिच्या व्हॅनवरून त्यांची नजर केव्हाच निघाली होती. कोणाची तरी गाडी आली, थांबली, असेल शेजाऱ्यांची. माझी पोरगी अजून यायचीय.

“मी आलेय, बाबा,” ती म्हणाली. काचा बंद होत्या.

दुसऱ्यांदा दाबायला आधी पाय उचलावा लागतो. एवढंच करायचं होतं. पण आता ते मुद्दाम करावं लागणार होतं, त्यांच्यासाठी, दाखवायला, आणि उद्या पुन्हा, परवा पुन्हा... मग उतारावर, बसमध्ये, कुठला पाय पुढे येईल? न विचारता सांगू नये, पोरी. आज मी विचारलंच नाही. पहिल्यांदाच विचारलं नाही, आणि गाडी थांबली.

पाय ब्रेकवर तसाच होता. आरशात, मागच्या रस्त्यावर लाल उजेड पडला होता, एकच, न हलणारा, आणि त्याच्या पलीकडे बाबा अजून तिची वाट बघत होते.