पाचवीआधीची सुई

कंपनीतल्या शिबिरात बन्सीनं रक्त दिलं ते अर्ध्या दिवसाच्या सुट्टीच्या लोभानं. आठवड्यानं रक्तपेढीतून बोलावणं आलं. तिथल्या बाईंनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं, की तुमच्या रक्तात ‘बी’ कावीळ आहे. अंगाला त्रास नसला तरी आहे. ती रक्तातून लागते, नवराबायकोच्या संबंधातून लागते, बाळंतपणात आईकडून लेकराला लागते.

"बायकोला लगेच तपासायला आणा. दिवस आहेत का त्यांना?"

"सातवा महिना हाये," बन्सी म्हणाला आणि उठलाच. संबंध म्हटल्याबरोबर त्याचे कान तापले होते. पुढचं ऐकायला तो थांबला नाही, आणि परत गेला नाही तो नाहीच.

बजाजनगरच्या खोलीवर येऊन त्यानं बायकोला, आशाला, निम्मंच सांगितलं. "मला कावीळ झाली म्हणत्यात. माझं ताट-तांब्या येगळं ठिव. अन् लेकरू झालं की मी हात लावणार नाय, लागंल त्याला." तिच्या तपासणीचं मात्र तो गिळून बसला. बायको आपल्याबद्दल काय समजेल, याची धास्ती! त्या दिवसापासून हा शहाणा आपलं ताट आपण घासू लागला, दाराशी वेगळा झोपू लागला.

आठव्या महिन्यात आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी पडेगावला गेली. जाण्याच्या गडबडीत गरोदर बाईचं नेहमी तपासतात ते रक्तही तपासायचं राहिलं ते राहिलंच. तारखेआधीच कळा सुरू झाल्या, जवळच्या दवाखान्यात नेलं आणि मुलगा झाला. बन्सी कंपनीतून तसाच धावत आला आणि खोलीच्या बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. आशा आत ग्लानीत होती.

नर्स ट्रे घेऊन आली. "बाळाला काविळीची लस द्यायचीय. पहिल्या चोवीस तासांतच."

आशाची आई वच्छलाबाई दारात आडव्या झाल्या. "पाचवी पुजल्याबिगर आमच्यात लेकराला सुई लावत नसत्यात. सटवाई यायची असती. मंग काय टोचायचं ते टोचा."

"मावशी, घरात कुणाला कावीळ आहे? असेल तर मी ऐकणार नाही तुमचं."

"कुणालाच नाय. चांगल्या घरचं हाये आमी."

नर्सनं बन्सीकडं पाहिलं. "तुम्ही वडील ना? तुम्ही सांगा."

एक शब्द पुरला असता. पण समोर सासू होती, शेजारच्या चार बायका कान देऊन उभ्या होत्या.

"त्या म्हणत्यात तसंच," तो म्हणाला. नर्सनं नाइलाजानं कागदावर त्याची सही घेतली.

पाचवी थाटात झाली. सातव्या दिवशी लस टोचली, पुढच्याही वेळेवर दिल्या. बन्सीनं आपला शब्द पाळला. पोरगं रांगत त्याच्याकडं यायचं तेव्हा तो खाटेवर पाय वर घ्यायचा. जीव तुटायचा त्याचा, पण हात लावला नाही.

पोरगं सव्वा वर्षाचं झालं आणि आशाच्या पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन निघालं. त्याआधी रक्त तपासलं, मग तिघांचंही तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवले.

"तिघांनाही आहे. बाळाला जन्मताना आईकडून आलं. पहिल्याच दिवशी लस आणि तिच्यासोबतचं संरक्षक इंजेक्शन मिळालं असतं तर बहुतेक टळलं असतं. इतक्या लहानपणी लागलं की सहसा जन्मभर राहतं. तपासत राहू, गरज पडली तर औषध आहे."

"पन ह्यांनी तर त्याला कधी मांडीवरसुदिक घेतलं नाय," आशा कळवळून म्हणाली.

"का? मांडीवर घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे लागत नाही!"

आशानं लेकरू त्याच्यापुढं धरलं. "घ्या." बन्सीनं हात पुढं केले. पोराला धरायचं कसं तेही त्याला येत नव्हतं. ते परक्या माणसाकडं गेल्यासारखं भोकाड पसरून आईकडं झेपावू लागलं.

"नर्सनं मला इचारलं व्हतं," बन्सी म्हणाला.

"काय?" रडण्यात तिला ऐकू आलं नव्हतं.

त्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं. रक्तपेढीतल्या बाईंपासून सहीपर्यंत. आशानं ऐकून घेतलं आणि त्याच्या हातातून लेकरू काढून घेतलं.