इन्साफबाईंची दस्सास

मित्रांनो, मी एक जुनी दस्सास आहे. एकोणीस वर्षांची. दस्सास म्हणजे वाळूत दडून राहणारा साप. तुमच्या शेतांत माझे भाऊबंद असतात, त्यांना तुम्ही मांडूळ म्हणता आणि दोन तोंडांचा साप समजता. तोंड एकच असते हो! दुसरीकडची ती बोथट शेपूट असते.

फय्यूम गावाच्या कडेला खजुरीच्या बागा संपतात आणि वाळू सुरू होते, तिथे माझा जन्म झाला. आईने आम्हा बाराजणांना जन्म दिला आणि ती आपल्या वाटेने निघून गेली. मला त्याचे काही वाटले नाही, आमच्यात असेच असते. पण तिसऱ्या महिन्यात एका माणसाने वाळूवरचा माझा माग काढला आणि भोके पाडलेल्या पाण्याच्या बाटलीत मला कोंबले. पाच दिवसांनी मी कैरोच्या शुक्रवारच्या बाजारात होते.

"ही हलत का नाही? आजारी आहे का?" एका जाड चष्म्याच्या माणसाने विचारले.

"आजारी कसली, मास्तर! नवी नवरी आहे, लाजतेय," विकणारा म्हणाला.

मी लाजत नव्हते, तहानलेली होते. तो चष्मेवाला माणूस म्हणजे वगदीमास्तर. ते फय्यूमच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी मला घरी आणले. काचेच्या पेटीत वीतभर वाळू घातली, पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी पातळ गादी ठेवली आणि दुसऱ्या, थंड टोकाला पाण्याची वाटी. ऊब हवी असली की मी इकडे सरकायची, नको असली की तिकडे. माझ्या अंगावर नारिंगी ठिपके आहेत, म्हणून त्यांनी माझे नाव ठेवले बसबूसा.

त्यांच्या बायको इन्साफबाई शिवणकाम करत. त्या दारातूनच ओरडल्या, "रव्याच्या वडीचं नाव सापाला? आता ती वडी माझ्या घशाखाली उतरायची नाही!"

"अगं, जवळ येऊन बघ तरी."

"तुम्हीच बघा. त्या कोपऱ्यात मी झाडूसुद्धा घालणार नाही."

आणि अकरा वर्षे त्यांनी खरोखरच झाडू घातला नाही.

माझे ते दिवस कौतुकाचे होते. मास्तरांचे विद्यार्थी मला पाहायला येत. वाळूतून माझे दोन डोळे तेवढे वर दिसत, आणि ते कोणाला आधी सापडतात याची त्यांच्यात पैज लागे. दर पंधरा दिवसांनी मास्तर चिमट्याने मला एक पांढरा उंदीर देत. एकदा मी जेवले आणि लगेच त्यांनी पाहुण्यांसाठी मला गळ्यात घातले. मी सगळे त्यांच्या सदऱ्यावर ओकले. पाहुणे पळाले. मास्तर मात्र खजील होऊन म्हणाले, "चूक माझी आहे, बसबूसा." जेवणानंतर दोन दिवस हिला उचलू नये, असे त्यांनी कागदावर लिहून पेटीला चिकटवले.

मग एका वसंतात, खमसीनचे धुळीचे वारे सुटले असताना, मास्तर शाळेत गेले आणि परत आले नाहीत. त्यांचे हृदय वर्गातच थांबले.

मित्रांनो, आम्हाला तुमच्यासारखे कान नसतात, पण जमिनीची थरथर आम्हाला पोटातून कळते. त्या आठवड्यात घरात खूप पावले आली, आणि मग शिवणयंत्राचीसुद्धा थरथर थांबली. इन्साफबाई लांब तोटीच्या झारीने लांबूनच वाटीत पाणी ओतत. उंदीर कोणीच देत नव्हते; पुढे पाणीही राहून गेले. बाईंचे भाऊ हिल्मी वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी गादीची वायर काढून टाकली. हिवाळा आला. माझी कात सुटेना. ती डोळ्यांवर चिकटून राहिली आणि मला सगळे धुरकट दिसू लागले. मी वाळूखाली पडून राहिले.

हिल्मींची गच्चीवर कबुतरे होती. एके दुपारी ते म्हणाले, "ताई, हे धूड सुटलं तर माझी पिल्लं गिळेल. साप धरणारे शेख मितवल्ली खाली आलेत. नेऊ दे त्यांना."

शेख म्हातारे होते. त्यांनी मंत्र म्हटला नाही की काठी काढली नाही. वाळूत हात घालून त्यांनी मला अलगद उचलले.

"किती वर्षं आहे ही तुमच्याकडे?"

"अकरा वर्षं त्यांनी सांभाळली," इन्साफबाई दारातूनच म्हणाल्या. "वाळवंटात सोडा तिला. बिचारी मोकळी होईल."

"मोकळी? बाई, हिनं जन्मभर चिमट्यातनं खाल्लंय. थंडीत, आंधळी, उपाशी सोडली तर आठ दिवस काढायची नाही."

"मग तुमच्याकडे ठेवा ना," हिल्मी म्हणाले.

"मी जत्रेत खेळ करतो. माझ्या पिशवीत साप किती दिवस टिकतात ते मला विचारू नका." शेखनी माझ्या डोळ्यांवरून बोट फिरवले. "कोमट पाणी आणि मऊ फडकं आणा."

फडके घेऊन बाई पहिल्यांदा त्या कोपऱ्यात आल्या. शेखनी मला ओल्या फडक्यात गुंडाळले आणि ती गुंडाळी थेट बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती हात ताणून इतकी लांब धरली की मलाच त्यांची काळजी वाटली.

"ही चावेल!"

"चावली तर सुई टोचल्याएवढं. विष नाही हिला. तुम्हाला सुईची काय भीती?"

तासाभराने कात भिजली. शेखनी डोळ्यांवरचे पापुद्रे हळूच सोडवले. मला पहिला चेहरा दिसला तो इन्साफबाईंचा. त्या रडत होत्या. "त्यांनी हिला इतकं जपलं," त्या म्हणाल्या, "आणि मी हिला सुकवत ठेवलं." मग डोळे पुसून त्या भावाकडे वळल्या. "हिल्मी, ती वायर कुठे ठेवलीस? आण आधी."

त्याला आता सात वर्षे झाली. झाकणाला बाईंनी कुलूप लावले, कबुतरांसाठी. पंधरवड्याला उंदीर, रोज ताजे पाणी. शिवताना त्या माझ्याशी बोलतात: कोणाचा पायघोळ गल्लाबिया सैल झाला, कोणाची सून रुसली.

गेल्या महिन्यात त्यांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कैरोला जावे लागले. किल्ली त्यांनी हिल्मींच्या हातात ठेवली.

"मी? ताई, चेष्टा करतेस का?"

"पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. कागदावर सगळं लिहिलंय. वाच आणि कर."

हिल्मी दोन दिवस लांबूनच पाणी ओतत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवणाचा दिवस होता. त्यांनी कागद दोनदा मोठ्याने वाचला, बिस्मिल्ला म्हटले, डोळे मिटले आणि चिमटा पुढे केला. मी फार हळू तोंड उघडले, इतके हळू की जन्मात कधी उघडले नव्हते. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"खाल्लं!" ते फोनवर ओरडले. "ताई, माझ्या हातून खाल्लं हिनं!"

मित्रांनो, माझी तक्रार नाही, विनंती आहे. वाळूत असलेल्या सापाला वाळूतच राहू द्या, त्याला बाटलीत भरू नका. पण कोणी जीव आधीच तुमच्या घरी असेल, तर तो तुमची हौस संपेपर्यंत जगत नाही, स्वतःचे आयुष्य संपेपर्यंत जगतो. आम्ही तीस वर्षेही जगतो. तेवढी वर्षे पाण्याची वाटी कोण भरणार, हे आधी ठरवा.