मधल्या मुरंब्याचा निकाल

ओटिली प्रोहास्काच्या जिभेवर साऱ्या वस्तीचा विश्वास. व्हिएन्नातल्या केकच्या दुकानांत भट्टीपुढे तीस वर्षं काढलेली बाई. म्हणून चर्चच्या जत्रेत झाखर या चॉकलेट केकची स्पर्धा ठरली तेव्हा तिसरी परीक्षक तीच झाली.

भांडण जुनंच होतं. जर्दाळूचा मुरंबा नुसता वरच्या चॉकलेटखाली लावायचा, की केक आडवा कापून मधेही? वस्तीतली जुनी केकवाली वालपुर्गा त्सेहेट्नर आपल्या केकच्या पोटात सुरी घालू देत नसे. समोरच्या दुकानातला ग्राट्सल मधेही सढळ हाताने मुरंबा माखे. ताटल्यांवर नावं झाकली होती, पण मुरंबा कुठे आहे ते कसं झाकणार?

दोन परीक्षकांची मतं फुटली. राहिली ओटिली. वालपुर्गाचा घास जिभेवर विरघळला आणि तिला कळून चुकलं, हाच. पण तेवढ्यात मागून टपालवाला फेर्डल ओरडला, "कशाला उगाच चाखतेस? गुरूच्याच पदरात टाकणार ना!"

सगळे खो खो हसले. सतराव्या वर्षी वालपुर्गानेच ओटिलीच्या हाताला वळण लावलं होतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं? ओटिलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने ग्राट्सलच्या ताटलीवर बोट ठेवलं.

आठवड्याने वालपुर्गाने तिला दुकानात बोलावलं. पुढ्यात केकचा तुकडा ठेवला. मधे मुरंब्याची रेघ.

"खाऊन बघ गं. जमलाय का?"

"बाई, हे काय? तुम्ही आणि मधे मुरंबा?"

"तू भीड धरणारी नव्हेस. तू त्याचा उचललास तेव्हाच म्हटलं, म्हातारे, चुकलंच तुझं. चाळीस वर्षं लोकांना कोरडा केक खायला घातला. गिऱ्हाइकांपुढे मान वर करवत नाही बघ."

ओटिलीने चमचा खाली ठेवला.

"कोरडा नव्हता, बाई. तुमचाच चांगला होता. लोक वशिला म्हणतील म्हणून मी भ्याले."

वालपुर्गाने सुरी पुसून ठेवली.

"हरले असते तर सोसलं असतं," ती म्हणाली. "पण माझ्याच हाताबद्दल तू मला खोटं पटवलंस. मी चवीला विचारायचं सोडून तुझ्या बोटाला विचारलं."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर ओटिलीने चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. फेर्डल म्हणाला, "म्हातारीने रडून दाखवलं वाटतं!" ग्राट्सल चिडून म्हणाला, "निकाल तो निकाल." पाद्रीबुवांनी विषय हवापाण्यावर नेला. कोणाचा विश्वास बसला नाही.

वालपुर्गाने मधला मुरंबा बंद केला. ओटिली अजूनही दर शनिवारी तिथे जाते. तुकडा मिळतो, बाजूला फेटलेली साय मिळते.

"घ्या, प्रोहास्काबाई," वालपुर्गा म्हणते. "आणखी काही हवं का तुम्हाला?"

ओटिली नको म्हणते आणि खाली बघून केक संपवते.