पळा, बाई, पळा

वेंडेलला कुठंही वेळेआधी पोचायची खोड आहे. आमच्या मिनेसोटात ती बहुतेकांना असते, पण वेंडेल टॉलेफसन लग्नाला इतका लवकर पोचतो की त्याला हटकून खुर्च्या मांडायला लावतात. त्यामुळे जहाज मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या धक्क्याला लागलं तेव्हाच मी ओळखलं होतं की बाकीची मंडळी किनाऱ्यावर पाय पसरून टाको खात असतील तेव्हा आम्ही दोघांनी भर उन्हात परतीची वाट धरलेली असेल. झालंही तसंच. मी थोडी कुरकुर केली, त्यानं ती ऐकून न ऐकल्यासारखी केली, आणि आम्ही दोघं बरोबरच जहाजाची शिडी चढलो. बरोबर चढलो, हे मी मुद्दाम सांगते आहे.

ही आमची पहिली सुट्टी. घरात दुभती जनावरं असली की सुट्टी हा शब्द दुसऱ्यांसाठी असतो. गाईला रविवार कळत नाही आणि नाताळही कळत नाही. वसंतात शेवटच्या गाई विकल्या, गोठा धुऊन काढला, आणि दोन दिवस नुसतं एकमेकांकडे बघत बसल्यावर वेंडेलनं या कॅरिबियनच्या सफरीची तिकिटं काढली. जहाजावर रोज संध्याकाळी ठरलेल्या टेबलाशी ठरलेल्या माणसांबरोबर जेवायचं असतं. आमच्या टेबलाशी कॅनडातल्या सस्कॅचेवानचं एक गहू पिकवणारं जोडपं होतं, डोरीन आणि क्लिफर्ड. डोरीन म्हणजे बोलका पोपट. पहिल्याच जेवणात तिनं माझ्या ताटातला कोळंबीचा तुकडा उचलून "अगं मार्लिस, तू हे खात नाहीस तर मी खाते," म्हणून तोंडात टाकला आणि मला ती फार आवडली. मी स्वतः तशी नाही. चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत मी चाळीस वर्षं वाढप केलं, पण माझा आवाज स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कुणी ऐकला नसेल.

जहाज बंदरातून निघायच्या सुमाराला वरच्या डेकवर कठड्याशी दाटी होते. समुद्र बघायला नव्हे, उशीर झालेल्यांची धाव बघायला. प्रत्येक बंदरात कुणीतरी दुकानात रेंगाळतं, कुणाला टॅक्सी मिळत नाही, आणि मग त्या लांबच लांब धक्क्यावरून पिशव्या सांभाळत, टोपी धरत माणसं पळत येतात. वरून शिट्ट्या, आरोळ्या, आणि शेकडो मोबाइल. जहाज कुणासाठी थांबत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि गंमत त्यातच असते. आदल्या बंदरात मी हे बघून नाक मुरडलं होतं. त्या दिवशी मात्र वारा सुटला म्हणून वेंडेल माझी शाल आणायला खाली खोलीत गेला होता, माझ्या हातात रम घातलेलं गुलाबी सरबत होतं, आणि गर्दी मला आपोआप कठड्यापर्यंत घेऊन गेली.

एक जोडपं पळत येत होतं. वरून दोन टोप्या आणि चार पाय एवढंच दिसत होतं. पुरुष पुढं, बाई मागं, आणि बाईचं पळणं अगदी आमच्या म्हाताऱ्या कोंबड्यांसारखं. माझ्या शेजारच्या तरुणानं शिट्टी मारली, कुणी ओरडलं, आणि माझ्या आत काय संचारलं कोण जाणे, मी कठड्यावरून वाकून ओरडले, "पळा, बाई, पळा! बुफे बंद होईल!"

आख्खा डेक हसला. अनोळखी माणसांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी आणखी एकदा ओरडले.

तेवढ्यात ती बाई पडली. पुरुष थबकला, अर्धा वळला, वर आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा जहाजाकडे पळत सुटला. तो आत शिरला आणि शिडी ओढली गेली. बाई धक्क्यावर गुडघ्यांवर तशीच होती. भोंगा वाजला, मधल्या पाण्याची पट्टी रुंदावत गेली, आणि हसणं हळूहळू विझलं. "राहिली बिचारी," असं कुणीसं म्हणालं, आणि लोक पांगले.

वेंडेल बऱ्याच वेळानं आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, धाप लागलेली. लिफ्ट भरलेली होती म्हणून जिने चढून आलो, म्हणाला. शाल आणायची तो विसरला होता.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा डोरीननं माझ्यासाठी सरकून जागा केली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वेंडेलकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या बंदरात चढलात?"

तीन संध्याकाळी 'अगं' म्हणणारी बाई एकदम 'तुम्ही'वर आलेली ऐकून मला वाटलं, थट्टाच करते आहे. मी हसले. टेबलावर दुसरं कुणी हसलं नाही.

"वेंडेल, त्यांचा काही फोन?" क्लिफर्डनं हळूच विचारलं. "पुढच्या बंदरात, रोआतानला, विमानानं येता येतं म्हणतात."

"कुणाचा फोन?" मी म्हणाले.

वेंडेल पावाला लोणी लावत होता. त्यानं मान वर केली नाही. लोणी लावून झालं होतं तरी तो सुरी फिरवतच राहिला.

"मार्लिसचा," डोरीन म्हणाली. "यांच्या बायकोचा. आणि यांच्या बायकोच्या खुर्चीवर तुम्ही इतक्या आरामात बसलात, त्याचं मला कौतुक वाटतं, बाई."

आजूबाजूच्या टेबलांवरचे काटेचमचे थांबले. आमच्याकडे आवाज चढवायची पद्धत नाही, त्यामुळे मी अगदी खालच्या पट्टीत म्हणाले की डोरीन, मार्लिस मीच, तू माझी कोळंबी खाल्लीस. तिनं उत्तर म्हणून मोबाइल माझ्यापुढं धरला. आमच्याच डेकवरून घेतलेलं चित्रण होतं, पण तिनं ते झूम करून जवळ ओढलं होतं. पडलेली बाई वर बघत होती. निळा ब्लाउज माझा. चष्मा माझा. आणि तो चेहरा, वर टोळक्यानं हसणाऱ्या माणसांकडे बघून कसनुसं हसायचा प्रयत्न करणारा, तो तर मी आरशात रोज बघते. तिच्या त्या चेहऱ्यावरच, मोबाइलमधून, एक बाई खिंकाळल्यासारखी ओरडली. पळा, बाई, पळा.

"हा आवाज तुमचा ना?" डोरीन म्हणाली. "मी तुमच्या मागेच उभी होते."

मी हो म्हणाले. आवाज माझाच होता, नाही कसं म्हणणार?

"मग झालं तर. मार्लिस अशी नव्हती. साधी होती हो ती."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. नुसती चूक असती तर मी भांडले असते, पण मला जे वाटलं ती लाज होती, आणि लाज वाटली की माणूस अर्धं कबूल करूनच बसतो. मी नॅपकिनची घडी घातली आणि उठले. वेंडेल मागोमाग येईल असं वाटलं होतं. तो गोड पदार्थ येईपर्यंत थांबला.

सकाळी मी खालच्या कचेरीत गेले. तिथल्या मुलीनं चढता-उतरताना दाखवायची आमची कार्डं यंत्रातून फिरवली आणि गोड हसून सांगितलं की तुम्ही दोघंही जहाजावर आहात, कोझुमेलला मागे कुणीही राहिलेलं नाही. मला इतका धीर आला की मी तिचे हात धरले. मग तिनं पडद्यावरच्या माझ्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात अगदी सभ्यपणे सोडवून घेतले.

तो दिवस सगळा समुद्रातच होता, कुठं उतरायचं नव्हतं. मी जिथं बसे तिथल्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत. लिफ्टमध्ये दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या, आणि दार लागता लागता एकीचं "हीच ती" एवढं ऐकू आलं. पण लोकांचं काय एवढं? लोक आठवड्यात आपापल्या घरी जातील. मला भीती होती ती वेंडेलची. आख्ख्या जगानं मला ओळखलं नाही तरी चालेल, पण ज्या माणसाबरोबर पहाटेच्या अंधारात गोठ्यात उभं राहून मी जन्म काढला, त्यानं मला बायको म्हणायला हवं होतं. तो तर सकाळपासून माझ्याशी पाहुण्यासारखा वागत होता. मी खोलीत शिरले की उभा राही. माझ्यासाठी दार उघडून धरी. दुपारी त्यानं दोन कप कॉफी आणली आणि साखरेची वाटी पुढं करून विचारलं, "तुम्ही साखर घेता का?"

मी कप खाली ठेवला. "वेंडेल, माझ्याकडे बघ. मी कोण आहे?"

आमच्याकडे नवरा-बायको असलं काही विचारत नाहीत. तो खिडकीकडे वळला.

"तुम्ही हसत होता," तो म्हणाला. "मी खालून ऐकलं."

"तू खाली खोलीत होतास. शाल आणायला गेला होतास."

"मी धक्क्यावर होतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ती म्हणत होती निघूया, निघूया, आणि मीच दुकानात रेंगाळलो. जन्मात पहिल्यांदा. वाटलं, आता काय, गाई थोड्याच वाट बघतायत."

"आणि ती पडली तेव्हा?"

"वळलो होतो ना मी."

"मग गेला का नाहीस तिच्याकडे?"

"लाज वाटली," वेंडेल म्हणाला. "सगळे वरून बघत होते."

तो रडायला लागला. मी त्याचा हात धरायला गेले तर तो दचकला, आणि मग माफी मागितली. माझ्या मनात आलं की याला सांगावं, अरे, आपण बरोबर शिडी चढलो, मी कुरकुर करत होते, तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. पण मला ती शिडी आठवेना. उन्हाचा चटका आठवत होता, पायांखाली लोखंड आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त वरचा वारा, सरबताचा गोडवा, आणि सगळे हसले तेव्हाचं ते सुख.

वेंडेलनं सोफ्यावर अंथरूण केलं. मी नको म्हणाले नाही. कपाटातले कपडे मी दुसऱ्याच्या घरातले हाताळावेत तसे जपून हाताळले.

सकाळी रोआतानचे हिरवे डोंगर दिसायला लागले तेव्हा तो दाढी करून, लग्नाला घालतो तो कोट घालून तयार होता. दाराशी थांबून त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मीच म्हणाले, "जा. उशीर करू नकोस."

मी वर डेकवर गेले. कठड्याशी तुडुंब गर्दी होती. ती विमानानं येऊन थांबली आहे हे सगळ्यांना कळलं होतं; बातमी पसरायला जहाजासारखी जागा नाही. मी पुढं गेले तशी माणसं दोन्हीकडे सरकली, वाट करून द्यायला नव्हे, अंग लागू नये म्हणून. खाली धक्क्यावर एक बाई उभी होती. गुडघ्याला पांढरी पट्टी, चेहरा ऊन लागून लाल झालेला. शिडी लागल्याबरोबर वेंडेल सगळ्यांच्या आधी उतरला आणि पळत सुटला. त्याला पळताना मी कधी बघितलं नव्हतं. तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला, मान खाली घालून. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पुढं होऊन त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. ती कॉलर मी कशी नीट करते, आधी उजवीकडून, हे मला वरूनही दिसलं.

डेकवर टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लिफर्ड डोळे पुसत होता. डोरीन टाळ्या वाजवता वाजवता वळली आणि माझ्या हातांकडे बघायला लागली. मग तिच्या शेजारची बाई बघायला लागली, मग तो शिट्टीवाला तरुण, मग सगळेच.

मी हात कठड्यावरून उचलले आणि टाळ्या वाजवायला लागले. बाकीच्यांच्या थांबल्यावरही मला थांबता येईना.