तादोची जागा

हे लिहायचंच नाही, असं तेजसने जवळजवळ ठरवलं होतं. परत आल्यावर आईलासुद्धा अर्धंच सांगितलं. मग एकदा वाघोलीतल्या एका सोसायटीत लिफ्टचा पार्ट यायची वाट बघत मशीनरूममध्ये बसला होता, तेव्हा बोटं मोबाईलवर आपोआप चालायला लागली. पण 'मी' लिहिलं की गाडी पुढे सरकेना. 'तेजस' लिहिलं आणि सुरू झाली.

तर तेजस सुमोच्या पुढच्या सीटवर बसला होता. मांडीवर तादोची सॅक. आणि सुमो उभी होती, कारण रस्त्याच्या मधोमध एक मिथुन बसला होता. गव्यासारखं थोराड जनावर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखं. धुकं इतकं की त्याची शिंगं दिसत होती, पण शेपटीकडचा भाग नव्हताच.

"हॉर्न मारो ना, भाई."

"क्यों? उसका भी रोड है," तारिंग म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

तारिंग म्हणजे तादोचा चुलतभाऊ. इटानगर ते कोलोरियांग सुमो चालवतो. त्यानेच इन्स्टाग्रामवर तेजसला शोधून काढलं होतं. मेसेज एका ओळीचा होता, 'तादो का सामान तुम्हारे पास है क्या?' होतं. माळ्यावर, पोत्यात गुंडाळून. तेजसने सुट्टी टाकली, अरुणाचलचा पास काढला, आणि गुवाहाटीपर्यंत रेल्वेत बसून कंबरेचा काटा ढिला करून घेतला. आपण मित्राचं सामान पोचवायला चाललोय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

इंजिन बंद झाल्यावर जंगलाचा आवाज आला. पाण्याचा. कुठून तरी वरून पडणारं, कुठे तरी खाली जाणारं, दिसत काहीच नाही. झाडांच्या खोडांवर शेवाळ इतकं जाड की झाडांनी स्वेटर घातल्यासारखं वाटत होतं. रानकेळी, बांबू, आणि ताडासारखं उंच वाढलेलं नेचं. तादो पुण्यात सांगायचा, आमच्याकडे ढग घरात येतात आणि चहा न पिता जातात. तेजसला तेव्हा ती फेकाफेक वाटायची.

तादो म्हणजे बामांग तादो. न्यीशी जमातीचा. वाघोलीच्या एका कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आला, दुसऱ्या वर्षी कंटाळला, आणि तेजसच्या जोडीला लिफ्ट मेंटेनन्सला लागला. ओळख झाली ती मात्र मंडईत. तेजसची आई मंदाकिनी मंडईत मिरची-कोथिंबीर-लिंबू विकते. हा पोरगा यायचा आणि सगळ्यात बारीक, सगळ्यात जहाल मिरची निवडून तिथेच एक चावून बघायचा. चेहऱ्यावर माशीसुद्धा हलायची नाही.

"अरे, पोट आहे का भट्टी?" आईने विचारलं होतं.

"माँजी, ये तो मीठा है."

त्या दिवसापासून तो घरचाच झाला. आईने त्याला जेवायला बोलावलं आणि चार वर्षं तो जेवतच राहिला. एकदा त्याने गावाहून आलेली आंबवलेल्या बांबूच्या कोंबाची बाटली त्यांच्या स्वयंपाकघरात उघडली. आई पदर नाकाला लावून अख्ख्या घरात मेलेला उंदीर शोधत फिरली. बाटली सापडल्यावर म्हणाली, "हे खातोस? आणि माझ्या मेथीला नावं ठेवतोस?" पण बाटली तिने फेकली नाही. गॅलरीत ठेवली, वर वीट ठेवली.

शाफ्टमध्ये लिफ्टच्या छतावर तो बिनघोर उभा राहायचा, खाली अकरा मजल्यांचा अंधार. पण केबिनमध्ये बसून कधी गेला नाही. म्हणायचा, डबे में बंद होके कौन जाता है. जिन्याने जायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. ताप आला, सेंटरवर बेड मिळाला, आणि आत नेल्यावर परत दिसलाच नाही. तेजस बाहेर फुटपाथवर बसून असायचा. मग फोन आला. तादोच्या कॉलेजच्या मित्राकडून गावचा एक नंबर मिळाला, खूप खरखर होती, कोणीतरी काका बोलला, "ठीक है. जो होता है, करो," आणि लाईन तुटली. जे झालं ते महापालिकेच्या माणसांनी केलं. प्लास्टिकच्या सूटमधल्या माणसांनी. दुसऱ्या दिवशी तेजसने राख आणली.

मिथुन उठला. सावकाश, उपकार केल्यासारखा. सुमो निघाली.

"आने खुश है," तारिंग म्हणाला. आने म्हणजे आई, तादोची आई. "उस टाइम चाचा लोग गड्ढा खोदा था, घर के पास. सोचा था तादो प्लेन में आयेगा. फिर सुना जला दिया. चाचा बोला बंद कर देते हैं. आने बोली नहीं, राख तो आयेगा. ऊपर टीन डालके रखा है. बारिश में मिट्टी गिरता है, आने फिर साफ करता है."

तेजसला आधी काही कळलंच नाही. मग कळलं.

"राख?"

"हाँ. तुम लाया ना?" तारिंगने सॅककडे मान हलवली. "हमलोग जलाता नहीं ना, भाई. घर के पास रखता है, उसका सामान के साथ. राख है तो राख रखेगा. खाली तो नहीं छोड़ेगा."

तेजसने खिडकीची काच खाली केली. धुकं आत आलं.

राख नव्हती. राख इंद्रायणीत होती. मंदाकिनीबाईंनी स्कूटरवर मागे बसून मडकं मांडीवर धरून नेलं होतं, तोंडाला मास्क, वर पदर. घाट बंद होते, म्हणून आळंदीच्या अलीकडे एका शेताच्या कडेने उतरले. आईने दूध घातलं, झेंडूची फुलं सोडली आणि म्हणाली, "परमुलखातलं लेकरू. मडक्यात कोंडून ठेवायचं का त्याला? जा बाळा, मोकळा हो." त्या दिवशी तेजसला वाटलं होतं, एवढं तरी आपण नीट केलं. सख्ख्या भावासारखं केलं.

तादोच्या घरच्यांनी कधी विचारलं नाही, कारण राख कोणी पाण्यात टाकेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तेजसने सांगितलं नाही, कारण राख कोणी ठेवून घेतं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

सांग्रामला चहाला थांबले. तारिंग म्हणाला, इथून पुढे नेटवर्क नाही, घरी बोलायचं तर बोलून घे. तेजस टपरीच्या मागे गेला.

"पोचलास का रे? जेवलास का?" आईच्या मागे मंडईचा गलका ऐकू येत होता.

त्याने सांगितलं. पलीकडे फक्त गलका राहिला. कुणीतरी लिंबाचा भाव विचारत होतं, आई त्याला उत्तर देत नव्हती.

"तेजस, ऐक," ती शेवटी म्हणाली. आवाज बारीक. "तिथे चूल असेल ना? त्यातली घे थोडी. लाडवाचा डबा रिकामा झाला असेल, त्यात भर."

"आई, काय बोलतेस तू?"

"आईचा जीव आहे तो. खड्डा झाकून बसलीये बाई इतकी वर्षं. तिला काय सांगणार, नदीत सोडला? राख राखेसारखीच असते रे. पाप लागलं तर मला लागू दे. मीच सोडलं होतं ना?" आणि मग एकदम कुणावर तरी खेकसली, "घ्यायची तर घ्या हो, नाहीतर पुढे व्हा!" फोन कट.

टपरीवालीची चूल शेणामातीची नव्हती. जमिनीत तीन दगड, त्यावर काळी किटली. तेजसने डबा काढला. शेंगदाण्याच्या लाडवाचे दोन तुकडे उरले होते, ते त्याने खिशात टाकले. पळीने राख भरली. थंड बाजूची. थोडी बाहेर सांडली. टपरीवाली बघत होती. तारिंगही दारात उभा होता. त्याने ग्लासातला उरलेला चहा बाहेर फेकला आणि म्हणाला, "चलो. उधर जल्दी अंधेरा होता है."

तादोच्या गावी पोचेपर्यंत अंधार पडला होता.

घर बांबूचं, लांबच लांब, खांबांवर उभं. आत मधोमध शेकोटी, वर मांस सुकवायचं मचाण, धुराने सगळं काळं चकचकीत. तादोची आई लहानखुरी होती. तेजसच्या आईच्या खांद्याला लागेल एवढी. ती पुढे आली, तेजसचे दोन्ही गाल हातात धरले आणि त्याला शेकोटीजवळ बसवलं. "खाया? पहले खाओ." भात, उकडलेली भाजी, आणि बाजूला वाटलेली मिरची. तेजसने मिरची तोंडात घातली आणि डोळ्यांतून पाणी आलं. ती हसली. "तादो बोलता था, पूना में सब लोग चीनी खाता है."

जेवण झाल्यावर त्याने सॅक उघडली. तादोचा युनिफॉर्म. सेफ्टी बेल्ट. तेजसच्या आईने त्याला मंडईजवळच्या दुकानातून घेऊन दिलेला मरून स्वेटर. आनेने एकेक वस्तू हातात घेऊन हुंगली. स्वेटर जरा जास्त वेळ. मग डब्याकडे बघितलं.

तेजसने तो दिला.

तिने डबा मांडीवर घेतला. उघडला नाही. झाकणावर तळहात ठेवला, तान्ह्या पोराच्या टाळूवर ठेवावा तसा, आणि त्यांच्या भाषेत हळूहळू बोलायला लागली. रडत नव्हती. कामाचं काहीतरी सांगतेय असा सूर होता.

"क्या बोल रही है?" तेजसने तारिंगला विचारलं.

तारिंग शेकोटीकडे बघत होता. "बोल रहा है, तुम्हारा बहन का बेटी हुआ. दादा गुजर गया, तुमको बहुत खोजा. लाल वाला मिथुन बच्चा दिया, वो तुम्हारा है. बोल रहा है, रास्ता में ठंडा तो नहीं लगा."

तेजस उठला. बाहेर जायचं होतं, पण पाय दाराकडे गेलेच नाहीत. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आने. ये तादो नहीं है."

ती थांबली.

"ये चूल्हे का है. सांग्राम का. तादो को हमने... मेरी माँ ने और मैंने, नदी में छोड़ दिया. हमारे यहाँ वैसा ही करते हैं. हमको लगा, अच्छा कर रहे हैं. मालूम नहीं था, आने. सच में मालूम नहीं था."

तारिंगने भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. लाकूड तडतडलं. मग तिने विचारलं,

"पानी में?"

"हाँ."

"पानी ठंडा था?"

"नहीं, आने. मई का महीना था. पानी गरम था."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग तिने डबा उघडला, आतली राख शेकोटीच्या कडेला ओतली आणि हाताने सारखी केली. "चूल्हा का चीज चूल्हा में," ती म्हणाली. डबा फडक्याने पुसून तेजसच्या पुढे ठेवला. मग ती आतल्या खोलीत गेली, आणि बांबूच्या भिंतीपलीकडून जो आवाज आला तो तेजसने लिहून बघितला आणि खोडला. तो लिहिता येत नाही.

सकाळी धुकं अंगणापर्यंत आलं होतं. घराच्या मागे, बांबूच्या बेटाखाली, तिने स्वतः टीन बाजूला केलं. खड्डा चौकोनी होता, तळ स्वच्छ, एक पानसुद्धा नाही. तिने स्वतःच्या हाताने युनिफॉर्म ठेवला, बेल्ट ठेवला. स्वेटर ठेवता ठेवता थांबली आणि तो अंगात घातला. गुडघ्यांपर्यंत आला.

"भर दो," ती म्हणाली.

"आने, खाली है," तारिंग चाचरत म्हणाला.

"कितना साल खुला रखेगा? वो आ नहीं सकता. भर दो."

तेजस आणि तारिंग माती ओढायला लागले. माणूस पुरला की वर उंचवटा राहतो, हे तेजसने येताना इतरांच्या कबरींवर बघितलं होतं. दोन कपडे आणि एक पट्टा कितीशी जागा घेणार? शिवाय काढलेली माती इतक्या पावसांत वाहून गेली होती. खड्डा भरेना. तारिंगने शेतातून मातीच्या टोपल्या आणल्या, तेजस उतरणीवरून माती खरवडत राहिला, नखं फाटली तरी. आने बाजूला बसून होती, लहान लहान दगड वेचून बाहेर टाकत. शेवटी जमिनीबरोबर झालं. बरोबरच. वर काहीच नाही. शेजारून जाणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

ती आत गेली. तारिंग हात धुवायला गेला. तेजसने दोन्ही तळव्यांनी माती दाबून बघितली. मऊ होती. लिफ्टच्या तळाशी पिटमध्ये भराव टाकतात तेव्हा असंच होतं, पहिल्या पावसात खाली बसतो.

तो वाकला आणि मराठीत म्हणाला, कारण तादोला पुण्यात शिव्या आणि जेवण दोन्ही मराठीतच कळायचं,

"तादो, ही खचणार रे पावसात. पाऊस संपला की येतो. दर वर्षी येऊन भरीन, उंचवटा वर येईपर्यंत."