पाडव्याचा शब्द

“चतुराबाई, बोला लवकर. घरोघर पोळ्या थंड होऊन राहिल्या.”

माणिकराव खडू घेऊन फळ्यापाशी उभे होते. मारुतीच्या पारावर अख्खं भजनी मंडळ जमलं होतं. पुसेगावजवळच्या या गावात ही रीत त्यांनीच पाडलेली. पाडव्याला प्रत्येकाने चिंतनासाठी एक शब्द घ्यायचा. मग वर्षभर गावाने त्याला रामरामाऐवजी तोच शब्द म्हणायचा आणि त्यानेही तोच परत म्हणायचा. उकंडराव दरवर्षी ‘संयम’ घेत आणि घरी जाऊन सहा पोळ्या हाणत.

गेल्या वर्षी चतुराबाईला ‘क्षमा’ मिळाला. मिळाला कसला, गळ्यात मारला! त्याच्या महिनाभर आधी माणिकरावांच्या मुलाने, दीपकने, दारूच्या नशेत ट्रॅक्टर मागे घेताना तिच्या नवऱ्याला चिरडलं होतं. पारावरच्या सगळ्यांनी पाहिलं, ठाण्यात एकानेही तोंड उघडलं नाही. वर बायांनी तिलाच समजावलं, “क्षमा घे बाई, मनाला शांती मिळंल.” ती तेव्हा भानावर तरी कुठे होती!

पाणी भरायची हपशी माणिकरावांच्या दारासमोर. रोज सकाळी ते ओसरीवरून म्हणायचे, “क्षमा, चतुराबाई.” घागर उचलता उचलता तिलाही “क्षमा” म्हणावं लागायचं. मग ते गावभर सांगत, “तिनं तं कवाच माफ केलं.” चोर तो चोर, वर शिरजोर.

“‘संतोष’ लिहू का?” माणिकरावांनी विचारलं.

“संतराम,” ती म्हणाली.

लग्नातला उखाणा सोडला तर तीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

“अगं, नवऱ्याचं नाव हा काय चिंतनाचा शब्द व्हय?” मंडळातल्या शकुंतलाबाई म्हणाल्या.

“ज्याचं ध्यान रातंदिस ऱ्हाते, तोच शब्द घ्या, असं माणिकरावच म्हणले व्हते. अन् घेतलेला शब्द कोनी नाकारायचा न्हाई, हेबी तेच म्हणले.”

“काहून जुनं उकरून राहिली?” उकंडराव पुटपुटले.

“लिहा, माणिकराव,” ती म्हणाली. त्यांना लिहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती हपशीवर गेली, तेव्हा माणिकराव ओसरीवर नव्हते. शकुंतलाबाई मान खाली घालून घागर भरून गेल्या. उकंडरावांना तर एकाएकी ऐकूच येईनासं झालं. वर्षभर ‘क्षमा’ म्हणताना कुणाची जीभ अडखळली नव्हती. मेलेल्या माणसाचं नाव मात्र जड झालं. आठवडाभरात तिच्याशी कोणी बोलेनासं झालं. तिला संताप आला, मग रडू आलं.

आठव्या दिवशी हपशीवर ती एकटीच होती. माणिकरावांचं दार लोटलेलं होतं. तिने भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “संतराम.”

माणिकरावांनी म्हणायचं ते तिनेच म्हटलं होतं. मग रीतीप्रमाणे तिने परत म्हटलं, “संतराम,” आणि घरी निघाली.